अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना

लग्नाची फिल्म आपण माणसं शोधायला लावतो. आजी कुठे बसली होती, आत्या कधी आली, आपण स्वतः कसे दिसत होतो. ती कोणीतरी बसून जुळवली आहे, कुठे कापायचं आणि कुठे हात आवरायचा हे ठरवलं आहे, याकडे लक्ष जात नाही. मिरजेतल्या एका परिचित घरच्या लग्नाची साधारण दोन तासांची फिल्म पाहताना मात्र माझं लक्ष माणसांवरून संकलनाकडे गेलं. नंतर ती मी पुन्हा पुन्हा पाहिली, आणि विशेषकरून मंगलाष्टकांचा भाग. हा तुकडा कोणत्याही चांगल्या चित्रपटातल्या प्रसंगाइतका विचार करून जुळवलेला आहे.

नवरी गौरीहरापुढे बसली आहे, इथून तो सुरू होतो. मामा येतो, वाकून तिला काहीतरी सांगतो आणि तिला घेऊन मांडवाकडे निघतो. नवरदेव पाटावर उभा राहिलेला आहे. मध्ये अंतरपाट. इथपासून अंतरपाट सरेपर्यंत दोघं एकदाही एका चौकटीत येत नाहीत. तिचा चेहरा, मग त्याचा, करवलीच्या हातातला कलश, पुन्हा ती, मागे उभा मामा, पुन्हा तो. आधी मला वाटलं, दोघांना एकत्र दाखवणारं चित्रण मिळालंच नसेल. पण अंतरपाट सरल्यावर सज्जातून घेतलेलं एक रुंद दृश्य येतं. स्थिर, तिवईवरचं. म्हणजे तिसरा कॅमेरा सुरुवातीपासून तिथेच उभा होता. त्याच्याकडे अख्खा मांडव होता, कापडाच्या दोन्ही बाजूंची दोन माणसं होती, आणि संकलकाने ते सगळं बाजूला ठेवलं. पाहुण्यांना दोघं दिसत होती. फक्त ती दोघं एकमेकांना दिसत नव्हती. संकलकाने प्रेक्षकाला पाहुण्यांच्या खुर्चीतून उठवून पाटावर आणून उभं केलं आहे.

हे साधायला चित्रणातही शहाणपण लागतं. नवरा-नवरीच्या मधून एक काल्पनिक रेषा धरली, तर दोन्ही कॅमेरे तिच्या एकाच बाजूला हवेत. तसे असले तरच ती पडद्यावर उजवीकडे पाहते, तो डावीकडे, आणि वेगवेगळ्या चौकटींतही दोघं समोरासमोर असल्याचं मनाला पटतं. एखादा छायाचित्रकार गर्दीतून वाट काढत पलीकडे गेला, की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि अंतरपाटाचा अर्थच जातो. मांडवात भटजी, मामा, करवल्या आणि मोबाइल उंचावलेले भाऊ एवढ्या दाटीत ही रेषा सांभाळणं फार अवघड. इथे ती एकदा मोडली आहे. तेवढ्या जागी संकलकाने मध्ये कलशाचं दृश्य घालून डोळ्याला विसावा दिला, आणि मगच तो पुढे गेला.

या भागाचा खरा आनंद तालात आहे. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत १९ अक्षरं, यती, म्हणजे ओळीतला विराम, बाराव्या अक्षरावर, उरलेली ७ पुढच्या श्वासात. पहिल्या अष्टकात संकलक ओळीच्या शेवटी कापतो. सगळे तिथेच कापतात. दुसऱ्या अष्टकापासून तो यतीवर कापू लागतो. बारा अक्षरं नवरीवर, सात नवरदेवावर. पुढच्या ओळीला उलट. वृत्ताचा जो झोल कानाला लागतो तोच आता डोळ्यालाही लागतो. त्याने वृत्ताचं नाव ऐकलं असेल की नसेल, कोण जाणे. पण वर्षाच्या वर्षाला एवढी मंगलाष्टकं ज्याच्या कानांवरून जातात, त्याच्या बोटांत यती उतरली तर नवल नाही.

मग नवरीची एक वयस्क आत्या माइक हातात घेते. अष्टक घरीच रचलेलं, त्यात दोन्ही कुळांची नावं गुंफलेली. सूर पहिल्याच ओळीत घसरतो आणि शेवटपर्यंत परत येत नाही. सूर चुकला की खाली सनईचं ध्वनिमुद्रण सोडून आवाज झाकायची सोय हाताशी असतेच. इथे आवाज जसाच्या तसा ठेवला आहे, आणि त्या संपूर्ण अष्टकात एकही काप नाही. कॅमेरा फक्त नवरीच्या चेहऱ्यावर. आपलं आणि आईवडिलांचं नाव आत्याच्या तोंडून वृत्तात आलेलं ऐकताना त्या चेहऱ्यावर जे होतं, ते दोन तुकड्यांत दाखवता आलं नसतं. यतीवर कापायची एवढी सवय लागलेल्या हाताने इथे थांबावं, हे मला या फिल्ममधलं सगळ्यात मोठं कसब वाटतं.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने ‘इन द ब्लिंक ऑफ अ‍ॅन आय’ या पुस्तकात कापण्याचे सहा निकष सांगितले आहेत. त्यांत भावनेला त्याने १०० पैकी ५१ गुण दिले, कथेला २३, लयीला १०; जागेचं सातत्य सगळ्यात खाली, ४ गुणांवर. विचार पुरा झाला की माणसाची पापणी लवते, आणि चांगला काप बहुधा तिथेच पडतो, असं त्याचं निरीक्षण. लग्नात या निरीक्षणाला एक वेगळंच रूप मिळतं. दर ‘सावधान’ला अक्षता येतात, आणि अक्षता अंगावर आल्या की डोळे मिटतातच. या फिल्ममध्ये शेवटच्या काही अष्टकांत काप पडतो तो नेमका त्या मिटल्या डोळ्यांवर. तांदूळ तिच्या कपाळावर आदळतात, पापण्या मिटतात, आणि डोळे उघडतात ते त्याचे.

अंतरपाट सरतो तेव्हा आवाज आधी येतो. चित्र अजून भटजींच्या हातावर आहे, आणि वाजंत्री सुरू झाली आहे. मग सज्जातलं ते राखून ठेवलेलं दृश्य. पहिल्यांदा दोघं एका चौकटीत. हार घातले जातात, माणसं मध्ये येतात, कुणाची तरी पाठ अर्धी चौकट अडवते, तरी संकलक हलत नाही. एवढा वेळ तोडून ठेवलेलं आता जोडलं आहे, आणि ते लगेच पुन्हा तोडायचं नाही, हे त्याला ठाऊक आहे.

असं मोजून कापणं आज सहज वाटतं. व्हीएचएसच्या काळात एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवत संकलन व्हायचं. मधला एखादा काप दोन सेकंदांनी बदलायचा तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे, आणि दर उतरवणीत चित्र फिकट होई. म्हणून तेव्हाचे लोक बरंचसं संकलन कॅमेऱ्यातच करत, आणि जोड झाकायला मिक्सरवरची बदामाची, उलगडत्या पानांची नक्षी वापरत. त्या नक्षीबद्दल मला आदरच आहे. हातात जे होतं त्यात त्यांनी जोड सुंदर करायचा प्रयत्न केला.

संध्याकाळच्या स्वागत समारंभात कापायचं स्वातंत्र्यच नसतं. रांगेतल्या एकालाही वगळता येत नाही. प्रत्येक घर स्वतःला शोधणार. इथे संकलकाने एक साधी युक्ती धरली आहे. फोटोसाठी ताठ उभं राहण्याचा वेळ तो काढून टाकतो आणि त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा क्षण ठेवतो. फ्लॅश पडला की दृश्य बदलतं. त्यामुळे प्रत्येकाला दोन-तीन सेकंद मिळूनही माणसं पुतळ्यांसारखी दिसत नाहीत. कुणी नवरीच्या कानात बोलतं, कुणी आहेराचं पाकीट खिशात शोधतं. एकाच ठिकाणी तो रेंगाळतो. नवरदेव शाळेतल्या म्हाताऱ्या शिक्षकांना नमस्कार करायला वाकतो, ते त्याला अर्ध्यावरच धरतात आणि बराच वेळ सोडत नाहीत. इथे फ्लॅश दोनदा पडतो, काप पडत नाही.

एवढ्या जाणत्या कामात सप्तपदी मात्र हुकली आहे. पावलांवर पावलं येतात, वरून बासरीचं तयार संगीत, आणि भटजींचा आवाज पूर्ण बंद. अन्न, बळ, समृद्धी, सुख, प्रजा, ऋतू आणि सातव्या पावलाला सख्य, असा हा एकेका शब्दावर उभा असलेला विधी. त्यातले शब्द काढले तर उरतं ते चालणं. आत्याचा बेसूर अष्टकभर जपणाऱ्या माणसाने इथे आवाज बंद करावा याची मला खरोखर हळहळ वाटली. माइक लांब असेल, गर्दीचा गलका चढला असेल. कारण काहीही असो, सातवं पाऊल नीट ऐकू यायला हवं होतं. मूळ चित्रणात तो आवाज असण्याची शक्यता आहे. स्टुडिओ जागेसाठी मूळ फाइली फार काळ ठेवत नाहीत, म्हणून त्या घरच्यांना मी त्या लवकर मागून घ्यायला सांगितलं आहे.