कादंबरीतली चूक सापडली. मग पुढे?

पेट पास होऊन इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या सात-आठ ज्युनिअर्सबरोबर मी शनिवारी दुपारी एक वाचनवर्ग घेते. आम्ही सगळे विज्ञानवाले. पेपर वाचायची सवय आहे, पण जरा लांब मजकूर समोर आला की हात आपोआप स्क्रोल करायला लागतो. म्हणून यंदा चार शनिवार एक कादंबरी वाचायचं ठरवलं: पॅट्रिक ओब्रायनची 'एच.एम.एस. सरप्राइज', 1973 सालची. ब्रिटिश आरमारातला कप्तान जॅक ऑब्री आणि त्याचा मित्र, डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक स्टीफन मॅट्युरिन, यांच्या मालिकेतलं हे तिसरं पुस्तक. निवडायचं कारण साधं होतं. यातलं जहाज दुरुस्तीसाठी मुंबईत थांबतं. म्हणजे गोष्ट आपल्या दारात येते.

पहिल्या शनिवारी मी काय केलं ते आधी सांगते, कारण तुम्हीही तेच कराल. मी चुकांचा तक्ता करून नेला. 'सरप्राइज' हे खरंखुरं जहाज होतं. मूळचं फ्रेंच, इंग्रजांनी 1796 मध्ये जिंकलेलं. पण आरमारानं ते 1802 मध्येच विकून टाकलं. मालिकेतलं आधीचं पुस्तक 5 ऑक्टोबर 1804 च्या चकमकीपाशी संपतं आणि हे त्यानंतर सुरू होतं. थोडक्यात, कादंबरीचा नायक विकून टाकलेल्या जहाजावर बसून मुंबईला येतो! वर्गात हशा पिकला. आणि वीस मिनिटांत वर्ग संपला, कारण पुढे बोलायला कोणाकडेच काही नव्हतं.

घरी येताना आठवलं की माझ्या लिटरेचर रिव्ह्यूचा पहिला मसुदा अगदी असाच होता. याचं सॅम्पल लहान, त्याचं कॅलिब्रेशन कच्चं, तिसऱ्याचा एरर बार गायब. गाइडनी तो परत दिला आणि विचारलं, "चुकांची यादी झाली. वाचन कुठंय?" तेव्हा राग आला होता. त्या शनिवारी पटलं.

दुसऱ्या आठवड्यापासून तक्त्यात एक रकाना वाढवला: हा बदल केल्यामुळे गोष्टीत काय घडतं?

कादंबरीतल्या मोठ्या लढाईवर हे करून पाहू. 15 फेब्रुवारी 1804 ला मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी, पुलो ऑरा बेटाजवळ, चीनहून माल घेऊन निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्याला फ्रेंच ॲडमिरल लिन्वा आडवा आला. लिन्वाकडे 74 तोफांचं 'मारेंगो' होतं. ताफ्याबरोबर ब्रिटिश आरमाराचं एकही लढाऊ जहाज नव्हतं. ताफ्याचा प्रमुख नॅथॅनियल डान्स यानं काही व्यापारी जहाजांवर आरमाराचे झेंडे चढवले, ती लढाऊ जहाजांसारखी रांगेत उभी केली आणि चक्क पुढे चाल केली. थोड्या गोळीबारानंतर लिन्वा मागे फिरला. वर चहा-रेशमानं भरलेल्या जहाजांनी त्याचा दोनेक तास पाठलाग केला.

ओब्रायन हाच प्रसंग घेतो, काळ पुढे सरकवतो आणि ताफ्याच्या मदतीला ऑब्रीची 'सरप्राइज' आणतो. ऑब्री आपले अधिकारी व्यापारी जहाजांवर पाठवून सोंग वठवतो. आता तिसरा रकाना भरा. फायदा स्पष्ट आहे: आपल्या ओळखीची माणसं लढाईत येतात, डेकवरचा धूर आपल्या नाकात जातो. पण तोटा मला मोठा वाटतो. मूळ प्रसंगाची सगळी गंमत अशी की हातात काही नसताना डान्सनं डाव मारला. कादंबरीत एक खरी युद्धनौका आली की हा डाव अर्धाच धाडसी उरतो. शिवाय श्रेय व्यापारी जहाजांवरच्या खलाशांकडून आरमारी नायकाकडे सरकतं. म्हणजे लढाई जास्त रंगते, पण कल्पना उणी पडते. हे झालं वाचन. 'तारीख चुकली' ही फक्त त्याची पहिली पायरी.

तिसऱ्या शनिवारी मुंबईची प्रकरणं. इथे माझं मत आधीच तयार होतं. स्टीफनला रस्त्यावरची एक लहान मुलगी भेटते, दिल. ती त्याला शहर दाखवते, त्याच्या अज्ञानावर त्याला झापते. तिला चांदीच्या बांगड्या हव्या असतात. तो देतो, आणि त्या बांगड्यांसाठीच तिचा खून होतो. तिचे अंत्यसंस्कार तोच करतो. मी वर्गात म्हणाले, "बघा, मुंबईतलं सगळ्यात जिवंत पात्र कशासाठी मारलं? तर साहेबाला दुःख व्हावं म्हणून."

मागच्या बाकावरची एक मुलगी, जी दोन आठवडे गप्प होती, म्हणाली, "पण ताई, त्याच्या दयेनंच ती मेली ना? लेखक त्याला सोडतोय कुठे?"

मी पान उलटून परत वाचलं. तिचं बरोबर होतं. शहर ओळखते ती दिल, आणि शहर न ओळखता भेट देतो तो स्टीफन. सगळ्या जगाच्या पक्षी-प्राण्यांची नोंद ठेवणारा हा निरीक्षक एका मुलीच्या हातातल्या चांदीचा रस्त्यावर काय अर्थ होतो, ते पाहत नाही. कादंबरी हा दोष त्याच्या पदरात घालते. माझं विधान मला मागे घ्यावं लागलं, वर्गासमोर.

अर्धं मात्र मी अजून धरून आहे. तेव्हाची मुंबई गोदी म्हणजे वाडिया घराण्याची सागवानी जहाजबांधणी. लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुरतेहून आले आणि 1817 मध्ये इथेच पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. जहाज जिथे दुरुस्त होतं, तिथल्या सुतारांपैकी एकाचंही आयुष्य दिलसारखं आपल्यासमोर उलगडत नाही. ऑब्रीची नजर शिडांवर आणि दोरखंडांवर असते, हातांवर नाही. एवढी बारीक माहिती जमवणाऱ्या लेखकाकडून ही अपेक्षा गैर नाही.

त्या दिवसापासून आमच्या तक्त्यात चौथा रकाना आहे: माझं मत कशानं खोटं ठरेल? तो रिकामा राहिला तर तुम्ही अजून मत बनवलेलं नाही, नुसता सूर लावलाय. सिनॉप्सिस लिहिताना हेच करा. ज्या पेपरवर टीका करणार, त्याच्या बाजूचं सगळ्यात भक्कम वाक्य आधी स्वतः लिहा.

पुढच्या सत्रात गो. नी. दांडेकरांची 'दर्याभवानी' घेतोय, शिवकाळातल्या आरमारावरची. आपल्या माणसाची, आपल्या समुद्राची गोष्ट असली की चौथा रकाना भरणं जास्त जड जातं. म्हणूनच घेतोय. तक्ता सुरू करायचं काम त्या मागच्या बाकावरच्या मुलीकडे दिलंय.