वर्षश्राद्धाला येणारा कॅमेरा

घरात मृत्यू झाला की तेराव्यापर्यंत समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते. वर्षश्राद्धाची तिथी लक्षात ठेवून येणारे मात्र थोडेच. प्रत्यक्ष घडलेल्या हत्यांवरील माहितीपटांनाही हीच कसोटी लावावी, असे मला वाटते. मृताच्या नातलगांची संमती घेतली होती का, हा प्रश्न आवश्यक आहे; पण तो पुरेसा नाही. बातमी शिळी झाल्यावर कॅमेरा त्या घरी पुन्हा गेला का, हेही विचारले पाहिजे.

या कसोटीला उतरणारी कृती म्हणजे आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११). ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटात ते गायले होते. त्यामुळे दिग्दर्शक त्यांच्या घरी गेला तो परका म्हणून नव्हे. चित्रीकरण पुढे चौदा वर्षे चालले. दरम्यान गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, २००९ मध्ये सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली आणि उच्च न्यायालयाकडून त्यांना जामीनही मिळाला. एवढ्या काळात नातलगांचा विलाप ओसरतो. न्यायाची मागणी उरते. घोगरे तर गाताना दिसतात, म्हणून प्रेक्षकाला त्यांच्या मृत्यूआधी त्यांचा आवाज आठवतो.

उणीव नाही असे नाही. पटवर्धनांच्या काही प्रश्नांतच उत्तर दडलेले असते. अशा वेळी शोकाकुल माणूस दिग्दर्शकाच्या प्रतिपादनाचा साक्षीदार होऊन बसतो.

याउलट शीना बोरा प्रकरणावरील चार भागांची मालिका पाहावी. खटला चालू असताना ती प्रदर्शित होऊ नये म्हणून केंद्रीय अन्वेषण विभाग मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मागणी फेटाळली. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला, औचित्याचा नाही. येथे आरोपी हीच मृत मुलीची आई आहे. आरोप सिद्ध झालेला नाही आणि आपली बाजू मांडण्याचा तिला अधिकार आहे; पण 'कुटुंबाची संमती' या शब्दांना येथे अर्थ काय उरतो? मृत मुलीच्या वतीने बोलणार कोण? रहस्य टिकवण्याच्या खटाटोपात ती मुलगी जिवंतपणी कशी होती, हे मागे पडते.

बाबासाहेबांचे जन्मस्थान महू आपल्याच माळव्यात आहे. रमाबाई नगरातील शोक म्हणूनच बदनावरच्या मराठी घरांना दूरच्या मुंबईतील वार्ता वाटू नये. असे चित्रपट आता घरबसल्या पाहता येतात. ते पाहताना गुन्हेगार कोण, या उत्सुकतेइतकीच आणखी एक जिज्ञासा बाळगावी: गेलेल्या माणसाची ओळख आपल्याला झाली का, आणि त्याच्या माणसांना बोलून झाल्यावर थोडे हलके वाटले असेल का?