दांपत्यप्रेम आणि कथनकाळ : हिंदी चित्रपटाच्या संदर्भात

हिंदी चित्रपट विवाहापाशी संपतो, हे विधान समीक्षेत इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वस्तुतः ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२), ‘अभिमान’ (१९७३) यांपासून ‘साथिया’ (२००२) पर्यंत विवाहोत्तर जीवन हाच विषय असलेल्या चित्रपटांची संख्या लहान नाही. तेव्हा दांपत्य दाखवले जाते की नाही, हा प्रश्न नसून ते कोणत्या कथनरूपात दाखवले जाते, हा प्रश्न आहे. प्रणयासाठी हिंदी चित्रपटाने स्वतःची अशी समृद्ध चिन्हव्यवस्था घडविली : दृष्टादृष्ट, पाऊस, आगगाडी, युगुलगीत. टिकून राहिलेल्या प्रेमासाठी तशी चिन्हव्यवस्था त्याला का घडविता आली नाही?

एम. माधव प्रसाद यांच्या ‘आयडिऑलॉजी ऑफ द हिंदी फिल्म’ (१९९८) या ग्रंथात या प्रश्नाशी निगडित असे एक महत्त्वाचे विवेचन आढळते. पडद्यावरील चुंबनावर असलेल्या अलिखित बंदीकडे प्रसाद खासगीपणाच्या चित्रणावरील बंदी म्हणून पाहतात. कुटुंबाच्या परंपरागत अधिसत्तेपासून स्वतंत्र असे दोघांचे एकांतविश्व या चित्रपटाला मान्य करता येत नाही, असा त्या विवेचनाचा रोख आहे. बासू चटर्जी यांचा ‘पिया का घर’ (१९७२) या विवेचनाच्या प्रकाशात चांगला उलगडतो. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या मराठी चित्रपटावरून तो घेतलेला आहे. मुंबईतील अपुऱ्या, माणसांनी भरलेल्या घरात नवविवाहितांना एकांत मिळत नाही, हेच त्याचे आशयसूत्र. मात्र अवकाशाची ही परिभाषा दांपत्याच्या आरंभापुरतीच पुरी पडते. नवविवाहितांची अडचण जागेची असते. वीस-पंचवीस वर्षे एकत्र राहिलेल्यांचे चित्रण करताना अडचण येते ती काळाची. प्रणय घटनांचा बनलेला असतो, तर सहजीवन पुनरावृत्तीचे. घटनेवर जगणाऱ्या मेलोड्रामाला पुनरावृत्ती म्हणजे काही न घडणे वाटते.

यश चोप्रा यांच्या ‘वक्त’ (१९६५) मधील एक दृश्य या संदर्भात लक्षणीय आहे. तीन मुलांचा पिता असलेला लाला केदारनाथ (बलराज साहनी) भरल्या मेळाव्यात आपल्या पत्नीला (अचला सचदेव) उद्देशून गातो. साहिर लुधियानवी यांचे शब्द आणि मन्ना डे यांचा स्वर लाभलेले हे गीत प्रौढ पत्नीला प्रेयसी म्हणून संबोधणारे आहे. हिंदी चित्रपटगीतांत त्याचे स्थान अपवादात्मक आहे. परंतु गीतामागोमाग भूकंप येतो आणि कुटुंबाची ताटातूट होते. ही रचना भारतीय परंपरेला नवी नाही. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात सीता रामाच्या बाहूवर निद्रिस्त असताना राम काळाने परिपक्व झालेल्या प्रेमाविषयी बोलतो. संस्कृत साहित्यात दांपत्याचे इतके प्रगल्भ वर्णन क्वचितच आढळेल. लगेच दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन प्रवेश करतो. दोन्ही ठिकाणी टिकलेल्या प्रेमाचा उच्चार होतो, पण त्याला कथनात वस्ती मिळत नाही. उच्चारानंतर कथन विरहाकडे वळते.

विरह ही प्रेमाची कसोटी, हा संकेत हिंदी चित्रपटाने या परंपरेतून जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारलेला दिसतो. ‘बागबान’ (२००३) मध्ये वृद्ध जोडप्याची मुले आईवडिलांना वाटून घेतात आणि त्या विरहातच त्यांचे प्रेम प्रेक्षणीय होते. हे कथासूत्र राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’ (१९५४) मध्ये मराठी प्रेक्षकाने पूर्वी पाहिलेले आहे. ‘साथिया’ मध्ये तरुण जोडप्यातील दुरावा अपघातानेच मिटतो. टिकणे म्हणजे तुटून पुन्हा जुळणे, असे एक समीकरण येथे तयार होते. जे कधी तुटलेच नाही, ते टिकले हे कशावरून ओळखावे, याचे उत्तर या समीकरणात नाही.

बासू भट्टाचार्य यांच्या ‘अनुभव’ (१९७१), ‘आविष्कार’ (१९७४) आणि ‘गृहप्रवेश’ (१९७९) या चित्रत्रयीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. तिन्ही नायकांचे नाव अमर असावे, हा योगायोग नव्हे. ‘अनुभव’ मधील पत्नी एक जुना नोकर वगळता सर्वांना निरोप देते आणि घरकाम स्वतःकडे घेते. दैनंदिनाच्या पुनरावृत्तीतूनच जवळीक निर्माण होऊ शकेल, ही तिची धारणा. हिंदी चित्रपटात हा विचार धाडसाचा होता. तथापि भट्टाचार्य यांनाही त्यावर विसंबून राहता आले नाही. ‘अनुभव’ मध्ये पत्नीचा पूर्वीचा प्रियकर येतो. ‘गृहप्रवेश’ मध्ये पतीच्या कार्यालयातील तरुणी येते. म्हणजे दैनंदिनाला अर्थ प्राप्त होण्यासाठी तिसऱ्या व्यक्तीची, पर्यायाने घटनेची, गरज लागते.

या पुनरावृत्तीचे श्रम कोणाचे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. ‘अनुभव’ आणि ‘गृहप्रवेश’ दोन्हींत घर नव्याने उभे करते ती पत्नी. ‘अभिमान’ मध्ये अधिक गुणी गायिका असलेली उमा गाणे सोडते, मूल गमावते, मूक होते. शेवटी मंचावरील युगुलगीताने दांपत्य सावरते; परंतु पतीच्या मत्सराची किंमत तिनेच चुकविलेली असते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (१९९५) मध्ये तर हा अंतर्विरोध उघडच आहे. कठोर बलदेव सिंह (अमरीश पुरी) पत्नीला उद्देशून ‘वक्त’ मधील तेच गीत गातो. अचला सचदेव या चित्रपटात आजीच्या भूमिकेत आहेत. पण याच चित्रपटात ती पत्नी, लाजो, आपल्या मुलीला मुलगी, बहीण आणि पत्नी म्हणून केलेल्या त्यागांचा हिशेब सांगते. गीत आणि हिशेब यांची चित्रपटात कोठेही गाठ पडत नाही. टिकाऊ दांपत्याचा गौरव गीतात होतो, त्याचे मूल्य मात्र एकांतातील संवादात, आईकडून मुलीला, सांगितले जाते.

गुलजार यांचा ‘इजाजत’ (१९८७) हे समीकरणच उलटे करतो. सुबोध घोष यांच्या ‘जतुगृह’ या बंगाली कथेवर आधारलेल्या या चित्रपटात विभक्त झालेले पती-पत्नी पावसाळी रात्री रेल्वेच्या प्रतीक्षालयात भेटतात. त्याच्या बारीकसारीक सवयी तिला अद्याप पाठ आहेत. येथे विरहाची परिणती पुनर्मीलनात होत नाही. सकाळी तिचा दुसरा पती तिला न्यायला येतो. दैनंदिनाचे ज्ञान हेच प्रेमाचे रूप, हे या चित्रपटाला पूर्णपणे उमगले आहे. मात्र ते दाखविण्यासाठी त्याला विवाह आधी संपवावा लागला.

रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ (२०१३) ने सिद्ध केले की पुनरावृत्ती चित्रणक्षम आहे. रोजचा डबा, रोजची चिठ्ठी यांतून इला आणि साजन फर्नांडिस यांचे नाते उलगडते. घटना जवळजवळ नाहीच. परंतु हे नाते विवाहाबाहेरचे आहे. इलाच्या पतीला डब्यातील बदल कळतही नाही. या चित्रपटातील टिकलेले दांपत्य वरच्या मजल्यावर आहे. देशपांडे आंटी अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या, छताच्या पंख्याकडे एकटक पाहणाऱ्या पतीची शुश्रूषा करते आहे. फिरता पंखा न थांबवता तो पुसल्याचेही ती सांगते. भारती आचरेकर यांचा केवळ आवाज ऐकू येतो. ती स्वतः पडद्यावर कधीच दिसत नाही, तिचा पतीही नाही.

ही अदृश्यता दिग्दर्शकाची उणीव नव्हे. परंपरेचे ते प्रामाणिक निदान आहे. खिडकीतून मसाल्याची टोपली खाली सोडणारी ही स्त्री जे जगते, त्याला प्रेम म्हणावे की श्रम, याचा निवाडा चित्रपट करीत नाही. प्रेक्षकाला तिचे घर दाखवीतही नाही. खासगीपणावरील बंदी हिंदी चित्रपटाने बऱ्याच अंशी केव्हाच उठविली. शय्यागृह आता त्याला वर्ज्य नाही. वरच्या मजल्यावरील ते स्वयंपाकघर मात्र अद्याप दृष्टिआड आहे. दांपत्यप्रेमाच्या चित्रणाची चिकित्सा करताना म्हणूनच दोघांना एकांत मिळाला का, एवढे विचारून भागणार नाही. त्यांच्या दिवसांना कथनात जागा मिळाली का आणि ते दिवस कोणाच्या हातांनी चालविले, हेही विचारावे लागेल.