वास्तूचे जतन आणि तिचा विनियोग

जुनी वास्तू वापरात राहिली तरच टिकते, हे मत आता बहुमान्य झाले आहे. त्यासाठी १९६४च्या व्हेनिस सनदेतील पाचव्या कलमाचा आधार घेतला जातो. परंतु त्या कलमाचे दोन भाग आहेत. समाजोपयोगी विनियोग इष्ट होय, असे पहिला सांगतो. त्यापायी वास्तूची मांडणी वा अलंकरण बदलता कामा नये, असे दुसरा बजावतो. व्यवहारात दुसऱ्याचा विसर पडतो.

या दृष्टीने अहमदाबादेतील 'हाउस ऑफ एमजी' विचारात घेण्याजोगे आहे. सिदी सय्यद मशिदीसमोरचे हे घर गिरणीमालक मंगलदास गिरधरदास यांनी १९२४ साली बांधले; पुढे वंशजांनी त्याचे हॉटेल केले. गच्चीवरील भोजनगृहास 'अगाशिये' असे नाव असून तेथे गुजराती थाळी वाढली जाते. 'आगाशी' हा शब्द मराठीसही परका नाही. भोजन आणि आतिथ्य हे घराचेच मूळ धर्म असल्यामुळे हा व्यवसाय वास्तूला उपरा वाटत नाही, हे त्याचे खरे यश होय.

तथापि हॉटेलाचा एक स्वभावधर्म आहे. कुटुंबाच्या राहणीतून जुळलेला खोल्यांचा परस्परसंबंध तेथे सुटतो. प्रत्येक खोली भाड्याचा स्वतंत्र घटक बनते. भिंती आणि कोरीवकाम टिकले, तरी घराची अंतर्रचना अशा रीतीने लोपू शकते. म्हणून मिळकतीवरून जतनाचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते. उद्या व्यवसाय उठला, तर ही वास्तू पुन्हा घर म्हणून नांदू शकेल काय, हीच खरी कसोटी मानावी लागेल.