चटईक्षेत्र : एका शब्दाची झडती

'चटईक्षेत्र' हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मला झोपडीतली फाटकी चटई आठवली. सरकारी भाषेत मात्र चटई बाजारात विकली जाते. जमीन सोडा वा गरिबांची घरे बांधा, बदल्यात जादा चटई घ्या. स्वतः वापरा किंवा दुसऱ्याला विका. मुंबईत १९९१ च्या नियमावलीपासून याला 'हस्तांतरणीय विकास हक्क' म्हणतात. विकता येणाऱ्या वस्तूला हक्क म्हणणे, ही प्रस्थापितांचीच भाषा.

द्रोणागिरीत हाच हिशोब वेगळ्या रूपात भेटतो. जानेवारी १९८४ मध्ये जवळच्या जासई-पागोटे परिसरात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली, दीड चटईक्षेत्रासह. लढा खरा होता, त्याला माझा सलाम. परंतु मोजणी सातबाऱ्यापासून सुरू होते. ज्याच्या बापाचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही, त्या शेतमजुराने काय दाखवायचे?

सिडकोने २०१८ मध्ये १४,८३८ घरांची सोडत काढली; त्यात द्रोणागिरीही होती. घरे लहान. पण सोडतीत अनुसूचित जातींना राखीव वाटा असतो, आणि आडनाव चाचपणारा घरमालक मध्ये नसतो. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'चा नायक परगावी नोकरी-निवाऱ्यापायी जात लपवतो. तो संग्रह १९६३ चा. बिल्डरच्या चटईवर उभ्या राहिलेल्या इमारतींत माझे विद्यार्थी आज भाड्याची खोली शोधतात. पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, "पूर्ण नाव काय?" हाच असतो.