लाव्हाले, कॅलिक्सा

लाव्हाले, कॅलिक्सा : (२८ डिसेंबर १८४२ – २१ जानेवारी १८९१). फ्रेंच-कॅनेडियन संगीतकार, पियानोवादक व ‘ओ कॅनडा’ ह्या राष्ट्रगीताच्या सुरावटीचा कर्ता. जन्म क्वेबेक प्रांतातील व्हेर्शेर परगण्यात. संगीताचे पहिले धडे त्याला वडिलांकडून मिळाले. कोवळ्या वयातच तो अमेरिकेस गेला आणि गोऱ्या कलावंतांनी चेहऱ्यास काळा रंग फासून करावयाच्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांच्या फिरत्या मंडळीत वादक झाला. यादवी युद्धात ऱ्होड आयलंडच्या चौथ्या पलटणीत त्याने बँडवादक म्हणून काम केले (१८६१-६२). पुढे पॅरिस येथे मार्मोंतेल ह्याच्याकडे त्याने पियानोचे उच्च शिक्षण घेतले (१८७३–७५).

मायदेशी परतल्यावर संगीतविद्यालय स्थापण्याचा त्याचा प्रयत्न शासकीय साहाय्याअभावी फसला. ह्याच काळात क्वेबेक येथे भरणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियनांच्या राष्ट्रीय संमेलनासाठी त्याने ‘ओ कॅनडा’ची सुरावट रचली; फ्रेंच शब्द न्यायाधीश रूत्ये ह्याचे होते. २४ जून १८८० रोजी ते प्रथम सादर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस लाव्हालेने चरितार्थासाठी पुन्हा देश सोडला आणि बॉस्टनमध्ये अध्यापक व चर्चमधील गायकवृंदाचा संचालक म्हणून उर्वरित आयुष्य काढले. कॅनडाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विलीन व्हावे, असे त्याचे मत होते. त्यामुळे राष्ट्रगीतावरून त्याच्या देशभक्तीचे सोपे अनुमान काढता येत नाही. त्या गीतामागे भावनावेगाइतकाच बँड, रंगभूमी व चर्च ह्यांच्या सेवेत मुरलेला व्यावसायिकाचा हात आहे.

सुरावटीचा आरंभ मोट्सार्टच्या ‘जादूची बासरी’ ह्या संगीतिकेतील पुरोहितांच्या संचलनाची आठवण करून देतो. तथापि तिचे सामर्थ्य आरंभापेक्षा विस्तारात आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस ती पंचमाकडे वळते; मधल्या भागात छोटी स्वराकृती एकेक पायरी चढत पुन्हा येते व समारोपाची अपेक्षा वाढविते. अप्रशिक्षित समूहालाही ती सहज पेलते. नव्या शब्दांनाही तिने सामावून घेतले. वीअरने १९०८ मध्ये रचलेले इंग्रजी गीत मूळ फ्रेंच गीताचे भाषांतर नाही. त्याचे शब्द पुढेही, अगदी २०१८ मध्येही, बदलले. सूर मात्र टिकले.

ह्या एका गीताच्या कीर्तीने त्याचे इतर कार्य झाकोळले, हे अन्यायाचे होय. ‘द विडो’ ही सुखात्म संगीतिका तत्कालीन हलक्याफुलक्या रंगभूमीची चाकोरी सोडत नाही. पण ‘ल पापियाँ’ (फुलपाखरू) ही पियानोरचना वादनतंत्रावरील त्याच्या प्रभुत्वाची साक्ष देते. त्याच्या बऱ्याच रचना आज उपलब्ध नाहीत. १८८४ मध्ये क्लीव्हलंड येथे त्याने केवळ अमेरिकन संगीतकारांच्या रचनांचे वादन केले आणि पुढे संगीतशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही भूषविले (१८८६-८७). यूरोपीय संगीताचे वर्चस्व असताना स्थानिक रचनाकारांची बाजू एका स्थलांतरिताने मांडावी, हे विशेष होय.

बॉस्टन येथे तो निधन पावला. १९३३ मध्ये त्याचे अवशेष माँट्रिऑलला आणण्यात आले आणि १ जुलै १९८० रोजी ‘ओ कॅनडा’ला राष्ट्रगीताचा अधिकृत दर्जा मिळाला. ज्याला मायदेशी उपजीविका लाभली नाही, त्याच्याच सुरांत त्या देशाला आपला आवाज गवसला.