आदर आणि अर्थ : थिऑसॉफीतील मतस्वातंत्र्याचा पेच

काही वर्षांपूर्वी एका थिऑसॉफी अभ्यासवर्गाला मी नेमाने जात असे. एका संध्याकाळी वाचन चालू असताना मी विचारले, "सिनेट एक सांगतात, ब्लॅव्हॅट्स्की दुसरेच; मग खरे कोणते मानायचे?" वर्ग चालवणारे गृहस्थ मोठे प्रेमळ. हसून म्हणाले, "अहो, आपल्याकडे प्रत्येकाच्या मताचा आदर करतात." आणि त्यांनी पान उलटले. माझा प्रश्न सुटला नाही, नुसता बाजूला सारला गेला. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. मताचा आदर आणि मताची चिकित्सा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात की नाही?

थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. मादाम ब्लॅव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात येथूनच 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक निघू लागले. १८८२ च्या अखेरीस मुख्यालय मद्रासजवळच्या अड्यारला गेले. वंश, धर्म, लिंग, जात, वर्ण यांचा भेद न मानणारे विश्वबंधुत्व हा सोसायटीचा पहिला उद्देश. सभासद होण्यासाठी कोणत्याही सिद्धान्तावर विश्वास ठेवण्याची अट नाही. मात्र तिच्या नेत्यांनी लिहिलेली पुस्तके कर्म, पुनर्जन्म, महात्मे, माणसाची सप्तविध घडण अशा सिद्धान्तांनी भरलेली आहेत. संस्था पंथहीन आणि ग्रंथसंपदा सिद्धान्तमय, हा पेच पहिल्यापासूनचा आहे.

त्याचा पहिला अनुभव स्वामी दयानंदांच्या बाबतीत आला. १८७८ मध्ये सोसायटीने आर्य समाजाशी नाते जोडले. १८८२ मध्ये ते तुटले. सर्व धर्मांचे मूळ एकच, तेव्हा दयानंदांचे म्हणणे आपलेच म्हणणे आहे, असे संस्थापकांनी गृहीत धरले होते. दयानंदांना वेद हे ईश्वरी ज्ञान म्हणून प्रमाण होते. संस्थापकांनी तर १८८० च्या मे महिन्यात श्रीलंकेतील गॉल येथे पंचशील घेतले. आपापल्या जागी दोघेही प्रामाणिक होते. पण 'तुम्ही आणि आम्ही एकच सांगतो' हे वाक्य दरवेळी आदराचे असते असे नाही. समोरचा काय सांगतो आहे ते पुरते न ऐकताही ते बोलता येते. 'सर्व धर्म एक' हाही एक अर्थच आहे, आणि इतर अर्थांइतकाच तो तपासला पाहिजे.

याच काळातले दामोदर मावळणकर यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. या कऱ्हाडे ब्राह्मण तरुणाने मुंबईत सोसायटीत आल्यावर जात सोडली आणि 'द थिऑसॉफिस्ट'मध्ये जातिभेदाविरुद्ध लिहिले. बंधुत्वाचा अर्थ त्याने 'ज्याची त्याची रूढी ठीक' असा केला नाही. त्याने माणसाचा मान राखला, रूढीचा नव्हे. त्या काळच्या ब्राह्मण घरात या निवडीची किंमत काय असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. सिनेट यांच्या 'इसोटेरिक बुद्धिझम' या १८८३ च्या ग्रंथात पृथ्वीच्या सात गोलांच्या मालिकेत मंगळ आणि बुध यांना स्थान आहे. १८८८ च्या 'द सीक्रेट डॉक्ट्रिन'मध्ये ब्लॅव्हॅट्स्कींनी हे चुकीचे ठरवले. पृथ्वीचे इतर गोल वेगळ्या स्तरांवरचे आहेत, दिसणारे ग्रह नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या निधनानंतर हा वाद चिघळला. जज ब्लॅव्हॅट्स्कींच्या बाजूने राहिले. अ‍ॅनी बेझंट अखेर सिनेटकडे वळल्या. ज्या पत्रावर सगळे अवलंबून होते, ते सिनेट यांना आलेल्या महात्म्यांच्या पत्रांच्या संग्रहात १९२३ साली छापले गेले. तोवर सामान्य सभासदाला कोणाचा तरी अधिकार मानण्यावाचून गत्यंतर नव्हते. पत्र समोर आल्यावर निदान एक गोष्ट साधली. सिनेट यांचा मूळ प्रश्नच मोघम होता की काय, हे ज्याला त्याला शब्द लावून पाहता आले. मंगळ-बुधाचा निकाल लागला असे मी म्हणत नाही. पण वादाचे केंद्र व्यक्तीकडून मजकुराकडे सरकले, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते.

दरम्यान संस्था मात्र फुटत होती. १८९५ मध्ये अमेरिकन शाखा वेगळी झाली. १९१३ मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांच्या जर्मन शाखेची सनद रद्द झाली. कृष्णमूर्तींभोवती उभी केलेली जगद्गुरूची कल्पना त्यांना मान्य नव्हती. १९२२ मध्ये बी. पी. वाडिया बाहेर पडले. १९२४ मध्ये सर्वसाधारण समितीने ठराव केला, की कोणीही शिकवलेला कोणताही सिद्धान्त सभासदांवर बंधनकारक नाही. ठराव उत्तमच आहे, पण तो आला एवढ्या फाटाफुटीनंतर. आणि पाचच वर्षांनी, १९२९ मध्ये, खुद्द कृष्णमूर्तींनी आपल्यासाठी उभारलेला संघ विसर्जित केला.

या ठरावाविषयी माझा आक्षेप एवढाच, की तो सक्तीपासून वाचवतो, आळसापासून वाचवत नाही. 'बंधनकारक नाही' याचा अर्थ 'तपासण्याची गरज नाही' असा सोयीने लावला जातो. ब्लॅव्हॅट्स्कींनी 'द की टू थिऑसॉफी' प्रश्नोत्तररूपाने लिहिली, तीत प्रश्नकर्ता अडवतो, शंका काढतो. अर्थात उत्तर देणाऱ्याची सरशी ठरलेलीच असते. तरीही प्रश्न विचारणे हा अनादर नव्हे, एवढे त्या मांडणीने मान्य केले आहे. त्याच पुस्तकाच्या शेवटी सोसायटी एक पंथ होऊन बसेल अशी भीती त्यांनी व्यक्त केली आहे.

मुंबईत आज फ्रेंच ब्रिजजवळ ब्लॅव्हॅट्स्की लॉज आहे आणि न्यू मरीन लाइन्सला वाडियांच्या परंपरेतील थिऑसॉफी हॉल. दोन्हीकडे तेच ग्रंथ वाचले जातात, पण प्रमाण कोणाला मानायचे याबद्दल एकमत नाही. दोघांनी एकत्र येऊन एकच परिच्छेद वाचावा, कोठे पटत नाही ते स्पष्ट सांगावे आणि मग एकत्र चहा घ्यावा, असे मला मनापासून वाटते. त्या संध्याकाळी मला उत्तर मिळायलाच हवे होते असे नाही. आम्ही सगळे त्या पानावर आणखी थोडा वेळ थांबलो असतो, तरी मला पुरले असते.